बजेट हंटिंग रायफल रेंजवर शहाण्यासारखी चालते आणि ऐन सीझनला रुसते, त्यावर काय काय केलं

१५ नोव्हेंबर, मिशिगनमधला गन सीझनचा पहिला दिवस, ग्रेलिंगच्या पुढचं जंगल, बाहेर उणे नऊ. साठ यार्डांवर बक (नर हरीण) येऊन उभा राहिला, पूर्ण आडवा, मान खाली. श्वास धरला, चाप ओढला आणि "टिक". धाड नाही, नुसतं टिक. मी घाईघाईत बोल्ट (राउंड आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) मागे ओढला (हे करायचं नसतं, पुढे सांगतो) आणि त्या आवाजावर बक शेपटी वर करून गेला सुद्धा. याच रायफलने सप्टेंबरमध्ये रेंजवर दोन डबे राउंड (काडतुसं) मारले होते, एक नखरा नाही. त्याच्या आदल्या वर्षी गोळी सुटली होती पण कुठे गेली देव जाणे, नंतर कागदावर मारून बघितलं तर सहा इंच डावीकडे. आणि त्याच्याही आदल्या वर्षी मॅगझिनच (राउंड भरायची पेटी) खाली पानांत पडलं होतं. तीन सीझन, तीन दुखणी, दर वेळी घरी आणून साफसूफ केली की गुणी बाळासारखी चालते आणि पुढच्या नोव्हेंबरला परत पहिले पाढे पंचावन्न.

मी इकडे एका ऑटो सप्लायरकडे क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर हेच काम, की गाडीत येणारा फॉल्ट टेस्ट बेंचवर का येत नाही. तरी स्वतःच्या रायफलच्या बाबतीत ही अक्कल यायला तीन वर्षं गेली. रेंजवर आपण बसतो कसे तर पंचवीस डिग्री, खाली पक्कं टेबल, पुढे वाळूची पिशवी, हातात ग्लव्ह्ज नाहीत, एकेक राउंड निवांत भरतो. आणि जंगलात काय असतं तर थंडी, जाड ग्लव्ह्ज, पट्ट्याचा ताण, झाडाच्या बुंध्याला टेकवलेली नळी, घाई. दुखणं जिथे होतं तिथे तपासायचंच नाही आणि मग "बरी आहे की" म्हणून कपाटात ठेवायची.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण साडेतीनशे-चारशे डॉलरच्या, वर स्कोप (नेमाची दुर्बीण) लावूनच मिळणाऱ्या बहुतेक बोल्ट रायफलींना थोड्याफार फरकाने हेच लागू आहे. आणि "स्वस्त आहे म्हणजे नळी भिकार असणार" हा समज आधी काढून टाका. नळी आणि चेंबर (नळीच्या मागची राउंड बसायची जागा) हल्ली स्वस्तातही चांगली येतात. सॅव्हेजच्या ११० मॉडेलमध्ये नळी मोठ्या नटने बसवतात, त्यामुळे हेडस्पेस (बोल्ट आणि चेंबरमधलं राउंडसाठीचं नेमकं अंतर) बसवायला फार कारागिरी लागत नाही, आणि आजच्या कितीतरी बजेट रायफली त्याच युक्तीवर चालतात. पैसे वाचवतात ते दुसरीकडे: साच्यातून काढलेला पोकळ प्लास्टिकचा दस्ता (इकडे त्याला सरळ टपरवेअर म्हणतात), प्लास्टिकचं मॅगझिन, पॉलिश न केलेला बोल्ट, डब्यासोबत आलेला स्कोप, आणि तो स्कोप ज्याने कोणी घाईत बसवला त्याने अर्धवट पिळलेले स्क्रू. म्हणजे शोधायचं ते इथे.

कशालाही हात लावायच्या आधी रायफल रिकामी. मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि बोट घालून बघा, राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा. मी पंधरा वर्षं टॉर्क रेंच हातात धरतोय तरी दर वेळी हे करतो, तुम्हीही करा, यात शहाणपणा नको.

आता टिकबद्दल. चाप ओढल्यावर टिक झालं तर नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून किमान तीस सेकंद गप्प बसायचं, कारण कधीकधी प्रायमर (राउंडच्या बुडातली ठोका बसला की पेटणारी टोपी) उशिरा पेटतो आणि तेव्हा बोल्ट अर्धा उघडा असेल तर तोंडावर येईल. मी ते केलं नाही, नशीब चांगलं. आणि टिकच्या ऐवजी नेहमीपेक्षा अगदी बारीक "फट्" आलं तर त्या दिवसाचं काम संपलं, गोळी नळीत अडकलेली असू शकते, रिकामी करून नळीतून आरपार बघितल्याशिवाय दुसरी मारायची नाही.

मग तो न फुटलेला राउंड फेकू नका, तोच तुमचा साक्षीदार. मागच्या प्रायमरवर खड्डा कसा पडलाय ते बघा. खोल, चांगला दणदणीत खड्डा असेल आणि तरी फुटला नाही तर राउंड खराब. नुसता टिंब उमटल्यासारखा असेल तर दोष रायफलचा, फायरिंग पिन (प्रायमरला ठोका देणारी सुई) जोरात पोचलीच नाही. माझा असाच होता, टिचकी मारल्यासारखा. मी मात्र त्या वर्षी राउंडच्या कंपनीला शिव्या घातल्या आणि महागातले दोन डबे आणले, चोर सोडून संन्याशाला फाशी.

पिन हळू का जाते? बोल्ट म्हणजे आतून पोकळ नळी, त्यात पिन आणि स्प्रिंग. फॅक्टरीतून येताना गंजू नये म्हणून त्यात जे ग्रीस किंवा घट्ट तेल भरलेलं असतं ते आपण कधी काढतच नाही, उलट दर वर्षी साफ करताना वरून अजून तेल सोडतो. घरी डिसेंबरात खोबरेल तेलाच्या बाटलीचं काय होतं आठवतंय ना, आई उन्हात ठेवायची ती? तेच. सप्टेंबरात ते ग्रीस पातळ असतं, पिन सपकन जाते. उणे नऊला ते थिजतं आणि पिन चिखलातून चालल्यासारखी जाते, प्रायमरला लागते पण फोडण्याइतकी नाही. संध्याकाळी रायफल गरम घरात आली की ग्रीस परत पातळ, परत सगळं ठीक, म्हणून दुखणं सापडत नाही.

खात्री कशी करायची, तर मी बोल्ट फ्रीझरमध्ये ठेवला. नुसता बोल्ट हां, रायफल नाही, झिपलॉकच्या पिशवीत घालून रात्रभर. घरचा फ्रीझर उणे अठराच्या आसपास असतो, म्हणजे नोव्हेंबरपेक्षाही कडक परीक्षा. बायकोने सकाळी गोठवलेल्या उकडीच्या मोदकांशेजारी ते बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "अरे, निदान खालच्या कप्प्यात तरी ठेवायचं." सकाळी चटकन काढून रिकाम्या रायफलमध्ये घातला, चेंबरमध्ये स्नॅप कॅप (सरावाचा खोटा राउंड), चाप ओढला. आदल्या रात्रीचा आवाज होता ठक्क, आता आला थप. बस, सापडला.

उपाय फुकट आहे. मॅन्युअल बघून बोल्ट उघडा (प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी, यूट्यूबवर तुमच्याच मॉडेलचा व्हिडिओ शोधा, दुसऱ्याचा बघून जोर लावू नका, आतली स्प्रिंग ताणलेली असते, डोळ्यावर चष्मा घाला). पिन, स्प्रिंग आणि बोल्टची आतली पोकळी गॅरेजच्या बाहेर उभं राहून ब्रेक क्लीनरने धुवा, दस्त्याच्या प्लास्टिकवर मात्र तो उडू देऊ नका, खराब करतो. माझ्या बोल्टमधून मधासारखा पिवळा गोळा निघाला, त्यात पितळेची चूर्णी, कापडाचे धागे, काय काय. वाळवून मग आत एकतर कोरडंच ठेवायचं किंवा थंडीत न थिजणाऱ्या पातळ सिंथेटिक तेलाचा हात फिरवून पुसून टाकायचा, थेंब लोंबायला नको. घरात दारं करकरली की मारतो तो स्प्रे यात मारून सोडून देऊ नका. बाहेरच्या लग्जवर (बोल्ट अडकवून धरणाऱ्या दातांवर) मात्र ग्रीसचा छोटा ठिपका हवा, तिथे लोखंडावर लोखंड घासतं, ते धुवून कोरडं ठेवणारे पण बघितलेत मी.

ग्रीस काढूनही टिक होत असेल तर बोल्टची मूठ बघा. ती पूर्ण खाली बसली नसेल तर पिनचा बराच जोर मूठ खाली ढकलण्यातच जातो आणि प्रायमरपर्यंत उरलासुरला पोचतो. थंडीत आवाज होऊ नये म्हणून हळूच बंद करणाऱ्यांना हे हमखास होतं. लग्जच्या खाचेत बर्फ किंवा घट्ट झालेली घाण असली तरी तेच. कमकुवत स्प्रिंग हा संशय सगळ्यात शेवटी, पण लोक आधी तीच मागवतात.

याच्याशी जोडलेलं दुसरं म्हणजे ओल. चष्मेवाल्यांना सांगायला नको, थंडीतून गरम खोलीत आलं की काचेवर वाफ धरते. रायफलवर पण धरते, बाहेरूनही आणि बोल्टच्या आतूनही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर नेली की त्याचंच बर्फ. पहिल्या दिवशी चाललेली रायफल दुसऱ्या सकाळी टिक करते ती पुष्कळदा यामुळे. आजोबांकडे सिंधुदुर्गात ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरांसाठी, ती पावसाळ्यात ते चुलीवरच्या फळीवर ठेवायचे, तिथे कायम ऊब. इकडे मी बरोबर उलटं करतो, चार दिवस केबिनवर असलो तर रायफल रिकामी करून थंडीतच कुलपात ठेवतो, आत आणतच नाही. आणायचीच असेल तर बाहेरच केसमध्ये घालून बंद करायची आणि आत आल्यावर दोन-तीन तास केस उघडायची नाही. घरी परत आल्यावर मात्र पूर्ण उघडून पुसा, कारण स्वस्त रायफलींचं ते मॅट काळं फिनिश पॉलिश केलेल्या ब्लूइंगपेक्षा (पोलादाला दिलेला निळसर काळा थर) लवकर गंजतं, खरखरीत पृष्ठभागात पाणी बसून राहतं.

आता पळणारा झिरो, म्हणजे नेम एकीकडे धरायचा आणि गोळी दुसरीकडे जायची. यात माणूस जास्त वेडा होतो, कारण इथे दोन-तीन कारणं एकत्र नाचत असतात आणि आपण प्रत्येक गोळीनंतर स्कोपचे नॉब फिरवत बसतो. आधी तो नाद सोडा. तीन गोळ्या मारा, मधे नळी थंड होऊ द्या, तिघींचा मध्य काढा, मग एकदाच काय ते क्लिक द्या. स्वस्त रायफलची नळी बारीक असते, लागोपाठ पाच-सहा मारल्या की तापून गोळ्या सरकायला लागतात आणि आपण त्या गरम नळीचा झिरो पकडून घरी येतो. हरणावर पहिली गोळी थंड नळीतूनच जाणार आहे. आणि राउंड एकच ठेवा, सप्टेंबरात १५० ग्रेन (गोळीचं वजन) स्वस्त म्हणून आणि नोव्हेंबरात १८० ग्रेन "मोठ्या बकसाठी" म्हणून, असं केलं तर शंभर यार्डांवर दोन-तीन इंच फरक सहज पडतो, त्यात रायफलचा काही गुन्हा नाही.

हे सगळं करूनही पळत असेल तर स्क्रू. काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात ते इथे शब्दशः खरं. तीन जागा आहेत: रायफलवर बसवलेले स्कोपचे बेस, त्यावरच्या रिंगा, आणि खालून दस्ता ॲक्शनला (बोल्ट बसतो तो मधला धातूचा भाग) धरणारे ॲक्शन स्क्रू. माझ्या बेसचा पुढचा स्क्रू बोटाने फिरला. बोटाने! सगळं सोडवून दोन्हीकडचं तेल पुसून, बेसच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) थेंब देऊन परत बसवलं. आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या, पण अंदाज म्हणून रिंगांच्या वरच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड एवढंच पुरतं. इंच-पाउंड हं, न्यूटन-मीटर नाही! एक न्यूटन-मीटर म्हणजे जवळजवळ ८.८५ इंच-पाउंड, आपल्यासारख्या मेट्रिकमध्ये वाढलेल्या माणसाने १८ ला सेट करून गाडीचा रेंच लावला तर रिंग, स्कोप, स्क्रू सगळ्याचा चुराडा. चाळीस-पन्नास डॉलरचा छोटा टॉर्क ड्रायव्हर घ्या, स्कोप बदलण्यापेक्षा स्वस्त. पिळून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूपर्यंत पेंट मार्करने एक बारीक रेघ ओढा. आमच्या लाइनवर प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टला असते ती. सीझनच्या आधी नुसतं बघायचं, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय.

स्क्रू घट्ट असूनही सहा इंच डावीकडे का? तर दस्ता. नळी पुढच्या भागात दस्त्याला कुठेही टेकू नये अशी असते, एक डॉलरची नोट नळी आणि दस्त्यामधून आरपार सरकली पाहिजे. टेबलावर माझी सरकत होती, म्हणून मी तो विषय बंद केला होता. नंतर डोक्यात आलं की जंगलात मी कसा मारतो, तर पट्टा हाताला गुंडाळून ताणतो आणि दस्त्याचं टोक झाडाच्या बुंध्याला दाबतो. तसं धरून बायकोला नोट सरकवायला सांगितली. अडकली. पोकळ प्लास्टिक वाकून नळीच्या एका बाजूला टेकत होतं. बायपॉड (पुढे लावायचे दोन पाय) लावणाऱ्यांना पण हेच होतं, त्यावर अंग टाकलं की दस्ता वर येऊन नळीला भिडतो.

सोपा उपाय म्हणजे टेकवायची जागा बदला, टोकाला नाही, मॅगझिनच्या पुढे लगेच, तिथे दस्ता कडक असतो, आणि पट्टा फार ताणू नका. मी त्याच्यापुढे जाऊन दस्ता काढला, आतल्या खोबणीला सॉकेटला पॉलिश पेपर गुंडाळून दोन मिलिमीटर मोकळं केलं आणि पुढच्या पोकळ कप्प्यांत तुटलेल्या कार्बन बाणाचे दोन तुकडे घालून इपॉक्सीने भरलं. खर्च वीस डॉलर, दिसायला भयाण, पण आता हाताने दाबून वाकत नाही. इपॉक्सी ॲक्शन स्क्रूच्या भोकात किंवा मॅगझिनच्या जागेत जाऊ देऊ नका, नाहीतर नवीन पोस्ट लिहावी लागेल. एवढं करूनही पळत असेल तर मित्राचा खात्रीचा स्कोप लावून बघा, डब्यासोबतचे स्कोप आतून सैल होतात आणि ते बाहेरून कळत नाही. लोक मात्र पहिल्याच दिवशी सहाशेचा स्कोप घेतात आणि तो त्याच सैल बेसवर बसवतात, आधी कळस मग पाया.

मॅगझिनचं थोडक्यात सांगतो. ते पडतं कारण ग्लव्ह्ज घालून बसवताना कुलूप लागल्याचं कळत नाही. बसवल्यावर खाली ओढून बघायची सवय लावा, दर वेळी. दुसरं म्हणजे मॅगझिन वाळूच्या पिशवीवर किंवा गुडघ्यावर टेकवून मारू नका, ते वर ढकललं जातं आणि बोल्ट घासतो. राउंड टोकाने खाली घुसत असेल तर बहुतेक वेळा आपण बोल्ट बिचकत अर्धाच मागे ओढलेला असतो. या स्वस्त ॲक्शन बहुतेक पुश-फीडच्या, राउंड नुसता पुढे ढकलतात, धरून नेत नाहीत, त्यामुळे बोल्ट पूर्ण मागे आणि मग ठामपणे पुढे. तरी अडकलं तर मॅगझिनच्या प्लास्टिकच्या ओठांवर चीर गेलीय का बघा, गेली असेल तर चिकटवत बसू नका, नवीन घ्या. पूर्ण भरल्यावरच अडकत असेल तर एक राउंड कमी भरा, मी तेच करतो.

मारलेल्या राउंडची रिकामी पुंगळी बाहेर येत नसेल तर चेंबर साफ करा, नळी सगळे साफ करतात पण चेंबरचा ब्रश वेगळा लागतो हे कित्येकांना माहीतच नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणारा आकडा) खाली पितळेचा कण बसलेला असतो, टूथपिकने निघतो. पण मूठ उचलायला फार जोर लागत असेल आणि प्रायमर सपाट झालेला दिसत असेल तर ते राउंडमधल्या जास्त दाबाचं लक्षण, तो राउंड तिथेच थांबवा, साफसफाईचा विषय नाही तो.

ट्रिगरला हात लावू नका. जड लागतो, चिकटतो, ऑनलाइन स्प्रिंग मिळते आठ डॉलरला, सगळं मान्य, तरी नको. रिकाम्या रायफलवर एवढंच तपासा: सेफ्टी लावून चाप ओढा, सोडा, सेफ्टी काढा, या सगळ्यात पिन सुटता कामा नये. बोल्ट जोरात बंद केल्यावरही नाही. सुटली तर रायफल बंद, थेट कंपनी किंवा गनस्मिथ. आणि सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल बघा. हे बजेटवाल्यांचंच असतं असंही नाही, २०१४ मध्ये रेमिंग्टनने ७०० आणि मॉडेल सेव्हनच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत बोलावल्या, २००६ ते २०१४ मध्ये बनलेल्या, कारण काय तर जोडणीत वापरलेला चिकट पदार्थ जास्त लागला होता आणि रायफल आपोआप सुटू शकत होती. जुनी विकत घेताना हे आवर्जून बघा.

जाताजाता, एच-१बी वाल्या दोघांनी विचारलं होतं म्हणून: नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, राज्याचं वैध हंटिंग लायसन्स हातात असणं हा त्यातला एक अपवाद, म्हणून लायसन्स संपल्यावर रायफल तशीच कपाटात ठेवून देऊ नका, आणि घ्यायच्या आधी वकिलाशी बोला. मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्या लायसन्ससाठी हंटर सेफ्टीचा कोर्सही लागतो, तो करा, वरचं अर्धं मी तिथेच शिकलो आणि विसरलो होतो.

आता माझं वेळापत्रक बदललंय. सप्टेंबरची रेंज आहेच, पण ऑक्टोबर संपता संपता एक दिवस रायफल रात्रभर गॅरेजमध्ये थंड करून पहाटे रेंजवर नेतो, ग्लव्ह्ज घालून, मॅगझिनमधूनच भरून, पट्टा लावून, उभ्या खांबाला टेकवून फक्त तीन गोळ्या. मागच्या ऑक्टोबरला तिन्ही सुटल्या आणि तिन्ही हाताच्या पंज्यात बसल्या. मॅगझिन मात्र चालताना अजून खडखडतं, त्याला दोन्ही बाजूंनी इन्सुलेशन टेप लावलीय. घरात हलवून बघितली तर आवाज येत नाही, पण घर म्हणजे परत टेस्ट बेंचच झालं, उणे नऊला ती टेप टिकते का ते १५ तारखेलाच कळेल.